घरोघरी देवदर्शन घडविणारा चित्रकार : राजा रविवर्मा

दीपावलीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी चौरंगावर मांडलेल्या ज्या तसबिरीपुढे आपण हात जोडतो, तिच्यातील रूप आपणांस इतके परिचित आहे की, ते कोणा मनुष्याने प्रथम कल्पिले असेल हा विचारही मनास शिवत नाही. जलाशयातील कमलावर उभी असलेली चतुर्भुज देवी, हातांत कमळे, काठापदराचे लुगडे, मुखावर गृहिणीचे शांत वात्सल्य आणि बाजूस सोंडेत माळ धरून उभा असलेला गजराज! देवी प्रत्यक्षात अशीच असणार, अशी आपल्या आजीची श्रद्धा होती आणि आपलीही आहे.

श्रीदेवीचे ध्यान प्राचीन आहे, यात शंका नाही. श्रीसूक्तात ती कमलवासिनी आहे. सांचीच्या स्तूपावर आणि वेरूळच्या कैलास लेण्यात गजलक्ष्मीचे शिल्प आहे. परंतु त्या ध्यानाला आपल्या घरातील लेकीसुनेचा चेहरा आणि आपल्या ओळखीचे नेसणे लाभले, ते अवघ्या सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी. ते देणारा पुरुष महाराष्ट्रातला नव्हता. तो केरळातील किळिमानूरचा होता आणि त्याचे नाव राजा रविवर्मा. दीपोत्सवाच्या या मंगल पर्वात त्या चित्रकाराचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. एका कलावंताने इतरांपासून काय घ्यावे, कसे घ्यावे आणि पुढच्यांसाठी काय ठेवून जावे, याचे मर्म त्या चरित्रात आहे.

मामांचा हात, आईची वाणी

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील किळिमानूरच्या राजवाड्यात झाला. वडील नीळकंठ भट्टतिरिपाद हे संस्कृतचे व्यासंगी. आई उमाअंबा या स्वतः काव्यरचना करणाऱ्या विदुषी. घरात पुराणांचे पठण होई, कथकळीचे खेळ होत आणि देवादिकांच्या कथा मुलांच्या कानांवर अन्नोदकाइतक्याच सहज पडत. केरळातील मातृवंशीय कुळाचारात मामाचे स्थान पित्याइतकेच मोठे. रविवर्म्यांचे मामा राजराजवर्मा हे तंजावर शैलीत चित्रे काढीत. बाळ रवीने वाड्याच्या भिंती कोळशाने रंगवून टाकल्या तेव्हा इतरांना राग आला. मामांना मात्र त्या रेघांत काही निराळे दिसले, असे सांगतात. हाच मामा त्यांचा पहिला गुरू.

१८६२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्यांना तिरुअनंतपुरम येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. महाराज कलासक्त होते. त्यांच्या संग्रहातील युरोपीय चित्रांचे ग्रंथ रविवर्म्यांना पाहावयास मिळाले. देहाला घनता कशी येते, वस्त्राची चुणी छायेने कशी उठावदार होते, हे त्यांनी तेथे प्रथम पाहिले. परंतु पाहणे निराळे आणि साधणे निराळे. तैलरंगांची विद्या त्या काळी दक्षिणेत थोड्यांनाच अवगत होती, आणि ज्यांना होती ते ती इतरांस देण्यास राजी नव्हते.

दरबारातील चित्रकार रामस्वामी नायडू यांनी ती शिकविण्याचे नाकारले. त्यांचे शिष्य आरुमुगम पिळ्ळै यांनी मात्र गुरूच्या नकळत या तरुणाला काही गोष्टी दाखविल्या, असे चरित्रकार सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार राजकुटुंबाची व्यक्तिचित्रे काढण्यासाठी आला. त्यानेही शिकविले नाही. आपण रंगवीत असता पाहत बसण्याची तेवढी मोकळीक दिली. रविवर्मा पाहत बसले. कुंचला कोणत्या क्षणी कोणत्या रंगात बुडतो, ओल्या रंगावर दुसरा रंग कसा चढतो, हे डोळ्यांनी टिपावे आणि मागाहून एकांतात हाताने पडताळून पाहावे, हीच त्यांची शाळा. एकलव्याची कथा आपण सारे जाणतो. येथे गुरू डोळ्यांसमोर होता, तरीही शिष्याला स्वतःच विद्या उचलावी लागली.

व्यवसाय म्हणून चित्रकला पत्करणे हे राजकुळाशी नाते असलेल्या पुरुषाला त्या काळी सोपे नव्हते. १८७० मध्ये, ही वाट धरण्यापूर्वी, रविवर्मा कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनास गेले आणि व्रतस्थ राहून त्यांनी देवीची उपासना केली. परतीच्या मार्गावर कालिकत येथे एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र काढण्याचे काम त्यांना मिळाले. मोबदला घेऊन केलेले ते त्यांचे पहिले काम मानले जाते. श्रद्धावान वाचकांना यात देवीचा प्रसाद दिसेल. स्वतः रविवर्म्यांचीही भावना याहून निराळी नसावी.

अनेक प्रवाहांचा संगम

यश लवकर आले. १८७३ मध्ये केशांत जाईची माळ माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास मद्रासच्या प्रदर्शनात राज्यपालांचे सुवर्णपदक लाभले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्याचा गौरव झाला. पुढे त्यांनी रंगविलेली, दुष्यंतास पत्र लिहिणारी शकुंतला मद्रासचे राज्यपाल ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतली. मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरातही ती झळकली. कालिदासाची नायिका युरोपीय वाचकांनी या भारतीय चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहिली.

यानंतर या चरित्रात मराठी नावे येऊ लागतात. तंजावरच्या मराठी परंपरेत वाढलेले सर टी. माधवराव हे आधी त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण. त्यांनी रविवर्म्यांना बडोद्यास बोलाविले. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले, त्या समारंभाच्या निमित्ताने रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा बडोद्यात आले. सयाजीरावांनी पुढे १८८८ मध्ये त्यांच्याकडून रामायण-महाभारत आणि पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे मागविली.

हे काम मोठे होतेच, पण त्यातील प्रश्न त्याहून मोठा होता. दमयंती, सुभद्रा, तारामती यांना कोणते वस्त्र नेसवावे? केरळी मुंडू नेसविले तर त्या पंजाबी प्रेक्षकाला परक्या वाटणार. उत्तरेचा घागरा घातला तर दक्षिणेला. पुराणकथा साऱ्या भारताच्या, पण सर्वांना आपली वाटेल अशी वेषभूषा चित्रात कोणी आणली नव्हती. या शोधात दोघे बंधू अनेक प्रांत हिंडले. लोकांचे पोशाख, दागिने, वास्तू, निसर्ग यांचे निरीक्षण केले. अखेर स्त्रीरूपांसाठी त्यांचे मन साडीवर स्थिरावले, आणि त्यातही मराठी स्त्रियांच्या नऊवारी नेसण्याने त्यांना विशेष मोहिले. देहाची ठेवण न लपविता मर्यादा राखणारे आणि वावरण्यास मोकळीक देणारे ते नेसणे त्यांच्या अनेक पौराणिक नायिकांच्या अंगावर दिसते. आपल्या पणज्यांचे लुगडे अशा रीतीने देवलोकी पोचले!

मुंबईच्या मुक्कामात हे बंधू नाटकांनाही जात. नटाची उभे राहण्याची ढब, भावाच्या ऐन क्षणी थबकलेला हात, पडद्यावरील महाल आणि खांब हे सारे त्यांच्या चित्रांत उतरलेले जाणकारांना दिसते. उलट, त्यांची चित्रे प्रसिद्ध झाल्यावर रंगभूमीनेही वेषभूषा आणि प्रवेशांची मांडणी यांत त्यांचे ऋण घेतले. देणे आणि घेणे अशा रीतीने दोन्ही बाजूंनी चालते.

तंजावर शैलीचा अलंकारांचा सोस, युरोपीय तैलरंगांची छायाप्रकाशाची जाण, केरळच्या घरातले संस्कृत काव्य आणि कथकळी, मराठी नेसणे, मुंबईची रंगभूमी, असे हे अनेक प्रवाह. यांतील एकही रविवर्म्यांनी निर्माण केला नव्हता. तरी त्यांच्या चित्राकडे पाहताच ते चित्र त्यांचे आहे हे ओळखू येते. उसने घेतलेले सारे त्यांच्या भक्तीत आणि परिश्रमात मुरून एकजीव झाले होते.

शिळेवरचे देव

बडोद्याची चित्रे पूर्ण झाल्यावर ती लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली, तेव्हा त्यांना मोठी गर्दी लोटली. परंतु प्रदर्शन संपले की चित्रे राजवाड्यातच राहणार. एका चित्रकाराच्या दोन हातांनी किती घरांची मागणी पुरवावी? चित्रांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात, ही सूचना माधवरावांनी पूर्वीच केली होती. तिला मूर्त रूप आले १८९४ मध्ये. गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. त्याची व्यवस्था धाकट्या बंधूंनी पाहिली. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आले. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे निघाले. मागोमाग लक्ष्मी, सरस्वती आणि इतर देवदेवता आल्या.

देवादिकांची चित्रे छापणारा हा पहिला छापखाना नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात निघालेली चित्रशाळा हे काम आधीपासून करीत होती आणि कलकत्त्यातही असे उद्योग चालू होते. रविवर्म्यांच्या छापखान्याचे वैशिष्ट्य होते ते मूळ तैलचित्राच्या जवळ जाणाऱ्या रंगांत. त्याची पद्धत मोठी कष्टाची. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध शाईने आकृती काढावयाची; शिळा ओली करून तिच्यावर तेलकट रंग फिरविला की तो फक्त आकृतीवर बसतो, ओल्या भागावर बसत नाही. प्रत्येक रंगासाठी शिळा निराळी. एकाच कागदावर एकामागून एक रंग, केसभरही न सरकता, चढवावे लागत. शेवटी रोगणाचा हात दिला जाई, तेव्हा कागदावर तैलचित्राची झळाळी येई.

या तसबिरी देशभर गेल्या. सुवासिनींनी त्यांवर जरी, टिकल्या आणि मोती लावून देवीला शृंगार केला. मयूराजवळ बसून वीणा वाजविणारी शुभ्रवसना सरस्वती पाटीपूजनाला आली. कापडाच्या गाठींवरील चिठ्ठ्यांपासून आगपेट्यांपर्यंत देवांची रूपे पसरली.

या घटनेचे खरे महत्त्व आमच्या मते निराळे आहे. त्या काळी देशातील असंख्य भाविकांना देवळाचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती. खुद्द त्रावणकोरात तर देवळाभोवतालच्या रस्त्यांवरूनही अनेकांना जाता येत नसे. राजवाड्यातील चित्रही त्यांच्यासाठी नव्हते आणि गाभाऱ्यातील मूर्तीही नव्हती. स्वस्त कागदावरची तसबीर मात्र कोणालाही घेता येत होती; तिच्यापुढे कोणीही उदबत्ती लावू शकत होते. रविवर्मा समाजसुधारक नव्हते आणि आपण असे काही करीत आहोत, असा दावाही त्यांच्या नावे कोणी करू नये. तथापि, कुळाच्या इतिहासात एक योग जुळून आला. त्यांच्या दोन नाती १९०० मध्ये त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. त्यांतील सेतू पार्वतीबाई यांचे पुत्र महाराज चित्तिरा तिरुनाळ यांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी मंदिरप्रवेशाची घोषणा करून संस्थानातील देवळे सर्व हिंदूंस खुली केली. पणजोबांच्या चित्रांनी देव घराघरात नेला होता. पणतवाने भक्तांना देवापर्यंत जाऊ दिले.

तोटा, वियोग आणि टीका

छापखान्याने कीर्ती दिली, पण लक्ष्मी दिली नाही. तिचीच चित्रे छापणाऱ्याला कर्जाने घेरावे, हा दैवदुर्विलास होय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या एकवीरेच्या परिसरातील मळवली येथे हलविण्यात आला. तरी भार हलका झाला नाही, आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायखर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. श्लायखरच्या हाती तो भरभराटीस आला. पुढे १९७२ मध्ये लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली.

१९०४ मध्ये सरकारने रविवर्म्यांना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु १९०५ च्या आरंभी धाकटे बंधू राजराजवर्मा निवर्तले. हे स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. ज्येष्ठ बंधूंच्या अनेक चित्रांची पार्श्वभूमी, व्यवहार, प्रवास सारे त्यांनी सांभाळले, आणि आपले नाव मात्र मागे ठेवले. मधुमेहाने जर्जर झालेल्या रविवर्म्यांनी म्हैसूरच्या महाराजांसाठी घेतलेली नऊ पौराणिक चित्रे तशाही स्थितीत पूर्ण केली. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्रावणकोरात त्यांनी देह ठेवला.

मृत्यूनंतर टीका वाढली. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांच्यासारख्या थोर कलाचिंतकांना ही चित्रे नाटकी वाटली. देवतांना अगदी मर्त्य मानवांचे रूप दिल्याने त्यांतील अलौकिकता हरपली, असा त्यांचा आक्षेप होता. युरोपीय तंत्राचे अनुकरण म्हणजे आत्मविस्मृती, असे बंगालच्या नव्या कलापंथाला वाटे. हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या मुद्रेवरील ध्यानमग्नता रविवर्म्यांच्या देवतांत शोधू गेल्यास ती सापडत नाही. आणखी एक उणेपणही मान्य केले पाहिजे. ज्या स्त्रियांनी तासन् तास बसून देवतांना चेहरे दिले, त्यांची नावे इतिहासाने नीट जपली नाहीत. परंतु देवाने माणसासारखे दिसावे, ही ओढ आमच्या भक्तिमार्गाला परकी नाही. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राने ती शतकांपूर्वीच मान्य केली आहे.

प्रेरणेची परंपरा

रविवर्म्यांपासून निघालेला प्रवाह पुढे कोठे कोठे गेला, ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी रविवर्म्यांच्या नावाच्या त्या छापखान्यासाठी काही काळ काम केले. १९१३ मध्ये त्यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला; त्यातील दृश्यांची मांडणी पाहून अभ्यासकांना रविवर्म्यांच्या हरिश्चंद्र-तारामतीचे स्मरण होते. स्थिर चित्रातला देव तेथे चालू लागला. गोव्यातून आलेले रघुवीर मुळगावकर, गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित, दक्षिणेतील कोंडय्या राजू यांनी दिनदर्शिकांतून देवदेवतांची रूपे पुन्हा नव्याने रंगविली. मुळगावकरांच्या देवतांच्या कांतीवरील मृदू तेज रविवर्म्यांत नाही, आणि पंडितांच्या वीरपुरुषांचे पिळदार बाहूही नाहीत. तरी ती एकाच कुळातील भावंडे आहेत, हे पाहताक्षणी कळते. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेने तेच कूळ मुलांच्या हाती दिले. १९७९ मध्ये भारत सरकारने रविवर्म्यांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरवून त्या परदेशी नेण्यास बंदी घातली. पण त्यांची प्रेरणा त्याआधीच कोट्यवधी घरांत पोचली होती.

आज कल्पनासृष्टी रंगविणारे तरुण कागद वा कॅनव्हासऐवजी संगणकाच्या पडद्यावर विद्युत लेखणीने देव काढतात. त्यांचा शिव मेघांवर उभा असतो, त्यांच्या दुर्गेच्या शस्त्रांतून विजेचे लोळ निघतात. या चित्रांवर पाश्चात्त्य अद्भुतकथांच्या चित्रकारांची आणि चित्रपटांची छाप दिसते, म्हणून काही ज्येष्ठ नाके मुरडतात. २०२० मध्ये दक्षिणेतील अभिनेत्रींनी रविवर्म्यांच्या नायिकांचा वेष घेऊन काढलेल्या छायाचित्रांची दिनदर्शिका निघाली, तेव्हा तिचे कौतुक झाले. पण परदेशी छापेची चित्रे मात्र परकी ठरतात. आमचे म्हणणे इतकेच की, हाच आरोप एके काळी रविवर्म्यांवर झाला होता. प्रेरणा कोठून आली हा प्रश्न गौण आहे. ती घेणाऱ्याने तिच्यासाठी किती काळ डोळे उघडे ठेवून कष्ट केले, हा खरा प्रश्न. यंत्राला चार शब्दांची आज्ञा देऊन क्षणात देवीचे चित्र मिळविता येते, अशा या दिवसांत त्याची आठवण अधिकच हवी. दुसऱ्याच्या चित्रावरून केवळ रेघ उचलणारा अनुकरण करतो. त्या रेघेमागील दृष्टी आत्मसात करून आपल्या अनुभवाने ती बदलणारा परंपरा चालवितो, आणि आपण कोणाकडून घेतले हे तो लपवीत नाही.

रविवर्म्यांना चित्रविद्या राजीखुशीने देणारे मामांखेरीज थोडेच भेटले. त्यांचे पुत्र रामवर्मा यांनी मात्र मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले आणि १९१५ मध्ये मावेलिक्करा येथे पित्याच्या नावाने चित्रशाळा उघडली. ती आजही कलामहाविद्यालयाच्या रूपाने नांदते आहे. पित्याला जी विद्या दाराआडून मिळवावी लागली, तिचे दार पुत्राने सर्वांसाठी उघडले. ज्याच्या हाती एखादी कला आहे, त्याने ती जिज्ञासू मुलापासून लपवू नये आणि ज्याला ती हवी आहे, त्याने पाहण्याचा कंटाळा करू नये, एवढा बोध या चरित्रातून घेतला, तरी राजा रविवर्मा यांचे स्मरण सार्थ झाले, असे आम्ही समजू.